चिखलातला लाल रंग

१९८३ सालचा विणीचा हंगाम. कॅलिफोर्नियातल्या केस्टरसन तळ्यांच्या काठाने हॅरी ओलेनडॉर्फ आणि त्यांचे सहकारी पाणपक्ष्यांची घरटी तपासत होते. माणसं अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेतली, म्हणजे सरकारी नोकरीतली, आणि काम तसं कंटाळवाणं: घरटं शोधायचं, खूण करायची, अंडी मोजायची, पुन्हा यायचं. पक्षी आपल्याला अगदीच परके नाहीत. उजनीच्या पाण्यावर भिगवणला जे शेकाटे, वारकरी आणि टिबुकल्या दिसतात, त्यांचेच तिकडचे जातभाई.

त्या हंगामात ३४७ घरटी पाहून झाली. शंभरातल्या सुमारे चाळीस घरट्यांत निदान एक पिल्लू अंड्यातच मेलेलं होतं. सुमारे वीस घरट्यांत निदान एक पिल्लू असं होतं, की त्याच्याकडे पाहवत नव्हतं. कुणाला डोळेच नाहीत, कुणाची चोच अर्धी, कुणाला पंख नाहीत, कुणाचे पाय नुसते खुंट. फेलिक्स स्मिथ हे त्याच खात्यातले जीवशास्त्रज्ञ. त्यांनी आणि ओलेनडॉर्फ यांनी हे प्रकरण वरिष्ठांच्या टेबलावर नेलं, आणि वरिष्ठांना ते फारसं आवडलं नाही. कारण ही तळी सरकारनेच बांधलेली होती आणि त्यांतलं पाणीही सरकारनेच आणलेलं होतं.

पहिला संशय अर्थातच कीटकनाशकांवर गेला. वरच्या अंगाला मैलोन्मैल कापूस, तेव्हा दुसरं कुणाच्या मनात येणार? पण आदल्याच वर्षी एक खूण मिळालेली होती. या तळ्यांतले इतर मासे एकेक करून नाहीसे झाले होते आणि फक्त गॅम्बुसिया तग धरून होता. डासांच्या अळ्या खातो म्हणून जगभर पाण्यात सोडतात तो हा चिवट मासा. त्याच्या अंगात सेलेनियम सापडलं, आणि तेही भलतंच जास्त.

आता हे पाणी तिथे आलं कसं ते पाहू. केस्टरसन ज्या सॅन वाकीन खोऱ्यात आहे, त्याची पश्चिम बाजू म्हणजे जवळजवळ वाळवंट. पाऊस वर्षाला पंचवीस सेंटिमीटरच्या आत. १९६० साली सॅन लुईस प्रकल्पाला मंजुरी मिळाली, कालवे आले आणि ओसाड माळावर कापूस, टोमॅटो, खरबूज डोलायला लागले. पण या जमिनीखाली चिकणमातीचे थर आहेत. दिलेलं पाणी खाली मुरेना. ते साचत साचत वर चढलं आणि सोबत क्षार घेऊन पिकांच्या मुळांशी पोचलं. शिरोळ, मिरज, वाळव्याकडच्या उसाच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. क्षारपड म्हणजे काय ते त्याने स्वतःच्या रानात पाहिलेलं आहे, पांढरी बुरशी आल्यासारखी दिसणारी जमीन त्याने तुडवलेली आहे. उपायही तोच: जमिनीखाली छिद्रांचे पाइप टाकायचे आणि खारट पाणी काढून द्यायचं.

प्रश्न एवढाच, की काढून द्यायचं कुठे? मूळ बेत ते पाणी मोठ्या नाल्याने उत्तरेला, सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या वरच्या त्रिभुज प्रदेशापर्यंत नेण्याचा होता. पैसे संपले, खालच्या अंगाच्या लोकांनी आरडाओरड केली, आणि १९७५ साली नाला सुमारे ८५ मैलांवर केस्टरसनपाशी अर्धवट थांबला. तिथे बारा उथळ तळी खोदलेली होती, क्षेत्र बाराशे एकरांच्या वर. पाण्याची वाफ होईल आणि जाता जाता पक्ष्यांनाही एक पाणथळ मिळेल, असा दुहेरी लाभाचा हिशोब होता. कॅलिफोर्नियातली बहुतेक पाणथळं शेतीखाली गेलेली, तेव्हा कागदावर कल्पना वाईट नव्हती. १९८१पासून तळ्यांत पडू लागलं ते जवळजवळ सगळं शेताखालून निचरलेलं पाणी. त्यात लिटरमागे सुमारे ३०० मायक्रोग्रॅम सेलेनियम होतं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने १९८७ साली गोड्या पाण्यासाठी मर्यादा ठरवली, ती लिटरला ५ मायक्रोग्रॅम.

हे सेलेनियम कुणी कारखान्यातून सोडलेलं नव्हतं. खोऱ्याच्या पश्चिमेच्या डोंगररांगा म्हणजे एकेकाळचा समुद्राचा तळ. त्या शेल खडकांत सेलेनियम गंधकाच्या सोबतीने बसलेलं असतं. डोंगर झिजले, माती खोऱ्यात उतरली, हवा लागून सेलेनियमचं सेलेनेट झालं आणि कालव्याच्या पाण्याने ते धुऊन काढलं. कोट्यवधी वर्षं कोरडं पडून राहिलेलं विष थोड्या वर्षांच्या बागायतीने हलवलं.

सेलेनियमची ओळख माणसाला झाली तीसुद्धा एका गाळामुळे. स्वीडनमध्ये ग्रिप्सहोम इथे गंधकाम्लाचा एक कारखाना होता. फालुनच्या खाणीतलं पायराइट जाळलं की तिथल्या शिशाच्या खोल्यांच्या तळाशी तांबूस गाळ साचायचा. लोकांना वाटे, हा सोमल असणार. याकोब बर्झेलियस आणि योहान गाह्न या दोघा रसायनशास्त्रज्ञांचे त्या कारखान्यात पैसे गुंतलेले होते, त्यामुळे कुतूहल आणि व्यवहार दोन्ही होते. १८१७ साली त्यांनी तो गाळ तपासायला घेतला. तापवल्यावर मुळ्यासारखा उग्र वास आला, म्हणून बर्झेलियसला आधी ते टेल्युरियम वाटलं. पुढे लक्षात आलं की हे मूलद्रव्य वेगळंच आहे. टेल्युरियमला पृथ्वीचं नाव मिळालेलं होतं, म्हणून याला ग्रीकांच्या चंद्रदेवतेचं, सेलेनेचं, नाव मिळालं. या मूलद्रव्याचा हायड्रोजनशी झालेला वायू बर्झेलियसने हुंगला, तेव्हा काही तास त्याचं नाक बधिर झालं आणि डोळे लाल झाले. त्या काळचे रसायनशास्त्रज्ञ नवा पदार्थ हुंगून आणि चाखून पाहत. ते म्हातारपणापर्यंत जगत कसे, याचंच मला नवल वाटतं.

तो तांबूस गाळ ध्यानात ठेवावा. पावणेदोनशे वर्षांनी तोच रंग पुन्हा दिसणार आहे.

विष म्हणून सेलेनियमची नोंद अमेरिकेच्या गवताळ मैदानांत फार आधीपासून होती, फक्त नाव कुणाला ठाऊक नव्हतं. मिसुरी नदीवरच्या फोर्ट रँडल छावणीतले लष्करी डॉक्टर मॅडिसन यांनी १८५६ साली घोड्यांचा एक विचित्र रोग टिपून ठेवला: आयाळ आणि शेपटीचे केस झडतात, खूर सुटतात, घोडा चाऱ्यापर्यंत चालू न शकल्याने मरतो. पुढे तिथे वसलेल्या शेतकऱ्यांनी दोष खाऱ्या पाण्याला दिला आणि रोगाला ‘अल्कली डिसीज’ म्हटलं. दोष पाण्याचा नव्हता, धान्याचा होता. साउथ डकोटाच्या कृषी प्रयोगकेंद्रात कर्ट फ्रँके यांनी १९३०च्या आसपास हे सिद्ध केलं आणि लवकरच तिथल्या गव्हात सेलेनियम सापडलं. फ्रँके यांनी तो दाणा कोंबड्यांना खाऊ घातला. अंडी उबेनात, आणि आत सापडलेल्या पिल्लांना धड डोळे, चोची, पाय नव्हते. हे छापून आलं १९३५ साली. केस्टरसनच्या अठ्ठेचाळीस वर्षं आधी! पोषणशास्त्राच्या नियतकालिकात छापलेलं कालवे बांधणारा इंजिनिअर वाचत नाही, आणि इंजिनिअरचा नकाशा कोंबड्यांचा डॉक्टर पाहत नाही.

यात एक गुंतागुंत आहे, तीही सांगायला हवी. १९५७ साली क्लाउस श्वार्त्झ यांनी दाखवून दिलं, की हेच सेलेनियम किंचित प्रमाणात मिळालं नाही तर उंदरांची यकृतं सडतात. चीनमधल्या केशान भागात मातीत सेलेनियम इतकं कमी, की मुलांची हृदयं दुबळी पडत. मोठ्या माणसाला दिवसाला ५५ मायक्रोग्रॅम पुरतं. ४००च्या वर जाऊ नये असं सांगतात. गरज आणि घात यांच्यामध्ये इतकी चिंचोळी वाट असलेली मूलद्रव्यं थोडीच. एक कारण असं सांगितलं जातं. सेलेनियम गंधकाचं धाकटं भावंड. शरीराची प्रथिनं रचणारी यंत्रणा दोघांत गल्लत करते आणि गंधकाच्या जागी सेलेनियम बसवून मोकळी होते. अंड्यात वाढणाऱ्या पिल्लाला जादा सेलेनियम सोसत नाही.

केस्टरसनची बातमी फुटली आणि गाजली. पक्षी तळ्यांवर उतरू नयेत म्हणून कर्मचारी फटाक्यांच्या काडतुसांचे बार काढत हिंडू लागले. पक्ष्यांसाठी राखलेल्या जागेतून पक्ष्यांना हाकलण्याची ही नोकरी. १५ मार्च १९८५ रोजी अमेरिकेच्या अंतर्गत खात्याने तळी बंद करण्याची घोषणा केली. पुढच्या वर्षी नाल्याची तोंडं बुजवली गेली. शेताखालचं पाणी मात्र थांबलं नव्हतं, आणि ते आता स्वच्छ करायचं कसं हा प्रश्न उरलाच.

सेलेनेट पाण्यातून काढणं महाकठीण. ते साखरेसारखं विरघळतं. त्याला धरायला जावं तर पाण्यात त्याच्या हजारो पटींनी असलेलं सल्फेट मध्ये येतं, कारण दोघांची घडण सारखी. रसायनशास्त्राची नेहमीची हत्यारं इथे बोथट ठरली.

कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथे अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणात रोनाल्ड ओरेमलँड नावाचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. हवा न पोचणाऱ्या चिखलात जीवजंतू श्वास कशावर घेतात, हा त्यांचा विषय. प्रयोग ऐकायला अगदी साधा आहे. बाटलीत चिखल आणि पाणी घ्यायचं, हवा काढून नायट्रोजन भरायचा, सेलेनेट घालायचं, बूच घट्ट लावून ठेवून द्यायचं. काही दिवसांत काळपट चिखलावर विटकरी लाल छटा चढते. हेच चिखल-पाणी आधी उकळून निर्जंतुक केलं, तर महिनाभर ठेवा, रंग बदलत नाही. ग्रिप्सहोमच्या खोल्यांत साचायचा तोच हा लाल: मूळ रूपातलं, पाण्यात न विरघळणारं सेलेनियम.

जंतू सेलेनियमला लाल करतात हे काही अगदीच नवं नव्हतं. १९८९ साली ओरेमलँड आणि सहकाऱ्यांनी जे प्रसिद्ध केलं, त्यातली खरी गंमत वेगळी होती. सगळ्यांचा तर्क असा, की हे काम सल्फेटवर जगणाऱ्या जंतूंचं असणार, सेलेनेट त्यांच्या तोंडी चुकून जात असणार. तसं असतं तर जादा सल्फेट घातल्यावर काम मंदावलं असतं. ते मंदावलंच नाही. मंदावलं ते ऑक्सिजन दिल्यावर आणि नायट्रेट दिल्यावर. म्हणजे चिखलात सेलेनेटवरच श्वास घेणारे स्वतंत्र जंतू होते. आपण अन्न जाळताना निघालेले इलेक्ट्रॉन शेवटी ऑक्सिजनच्या पदरात टाकतो. हे जंतू ते सेलेनेटच्या पदरात टाकतात. सेलेनेटचं सेलेनाइट होतं, सेलेनाइटचं मूळ सेलेनियम, आणि ते लाल कण होऊन बाहेर पडतं. आपण उच्छ्वास सोडतो, ते गोट्या सोडतात. यात विष उतरवण्याचा हेतू वगैरे काही नाही. जिथे ऑक्सिजन नाही तिथे जे मिळेल त्यावर दम धरायचा, एवढंच.

डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जोन मेसी यांनी त्याच सुमारास सॅन वाकीनच्या निचऱ्याच्या पाण्यातून असा एक जंतू वेगळा काढला. त्याला नाव मिळालं थावेरा सेलेनाटिस. शेतातल्या पाण्यात खतांचं नायट्रेट भरपूर, आणि बहुतेक जंतू आधी नायट्रेट संपवतात, मग सेलेनेटकडे वळतात. थावेरा दोन्ही एकाच वेळी वापरतो. म्हणजे शेताच्या पाण्यासाठी अगदी घडवून घेतल्यासारखा. टाक्यांत हा जंतू वाढवून, त्याला ॲसिटेट खाऊ घालून, खोऱ्यातलंच पाणी त्यातून नेलं. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे विरघळलेलं सेलेनियम सुमारे ९८ टक्के कमी झालं. एक अडचण उरली. लाल कण इतके बारीक, की ते खाली बसेनात, पाण्याबरोबर तरंगत बाहेर जायला लागले. त्यांना एकत्र गोळा करायला वेगळं रसायन घालावं लागलं. पाणी साफ करणाऱ्याला ती डोकेदुखी होती. पुढे हीच डोकेदुखी मोलाची ठरली.

मध्येच एक निराळा प्रयोग सांगायचा मोह आवरत नाही. रिव्हरसाइडच्या विद्यापीठातले विल्यम फ्रँकेनबर्गर यांनी केस्टरसनच्या मातीतल्या बुरशांना खाद्य देऊन पाहिलं, आणि त्या खाद्यात संत्र्याच्या साली होत्या. नागपूरकरांनी नोंद घ्यावी. बुरशी पोसली की ती सेलेनियमचा वायू करून हवेत सोडते, आणि तो वायू सेलेनेटपेक्षा शेकडो पटींनी कमी विषारी. बुरशीच्या या खोडीमागचं रसायन इंग्लंडमध्ये लीड्सला फ्रेडरिक चॅलेंजर यांनी १९३०च्या दशकातच उकललेलं होतं. रस्ता खरा, पण संथ.

आता त्या बारीक कणांकडे येऊ. ओरेमलँड यांच्याकडे एव्हाना असे जंतू बरेच जमले होते. एक नेवाडातल्या दलदलीतला, एक मोनो सरोवराच्या खाऱ्या, साबणासारख्या बुळबुळीत पाण्यातला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या जंतूंच्या अंगावर आणि आसपास गोल गोळ्या दिसल्या, साधारण ३०० नॅनोमीटरच्या, एका साच्यातून काढल्यासारख्या. आपला केस धरा सुमारे ऐंशी हजार नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे केसाच्या रुंदीत अशा अडीचशेच्या वर गोळ्या ओळीने बसतील. २००४ साली या गोळ्यांवर जो लेख आला, त्याच्या लेखकांत एक नाव पुलिकेल अजयन यांचं होतं. केरळात जन्मलेले, बनारस हिंदू विद्यापीठात धातुशास्त्र शिकलेले, आणि नॅनोपदार्थांच्या जगात तेव्हाच दबदबा असलेले. चिखलाचा माणूस आणि नॅनोनळ्यांचा माणूस एकाच लेखावर. त्यांना दिसलं ते असं, की तीन जातींच्या जंतूंनी केलेल्या गोळ्यांवर प्रकाश टाकला तर तिन्ही वेगवेगळं उत्तर देतात, आणि प्रयोगशाळेत रसायनांनी केलेलं सेलेनियम चौथंच. मूलद्रव्य एकच, पण ज्याच्या त्याच्या हाताची घडण वेगळी. भाकरी थापणाऱ्या हातावरून घर ओळखावं, तसंच हे.

गोळ्या एकमेकींना चिकटून ढेकूळ का होत नाहीत, याचं उत्तर इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठातून २०११ साली आलं. क्लाइव्ह बटलर यांच्या गटाला थावेराच्या गोळ्यांवर एक प्रथिन सापडलं. गोळीभोवती ते वेष्टन धरतं. प्रयोगशाळेत असे कण टिकवायला बाहेरून रसायनं घालावी लागतात. जंतू आपलं वेष्टन बरोबरच आणतो.

आपल्याकडेही या गोष्टीचं एक टोक आहे, आणि तेही बागायतीच्याच प्रदेशात. पंजाबच्या ईशान्य भागात, नवांशहर परिसरात आणि होशियारपूर जिल्ह्यात, काही गावांच्या मातीत सेलेनियम जास्त आहे. तिथल्या जनावरांचे केस झडणं, खूर आणि शिंगं सुटणं यांचा माग लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातल्या ढिल्लों दांपत्याने मातीपर्यंत नेला. २०१२ साली त्याच भागातल्या मातीतून काढलेल्या डुगानेला आणि ॲग्रोबॅक्टेरियम या जंतूंनी सेलेनियमच्या नॅनोगोळ्या करून दाखवल्या. त्याआधी दोनच वर्षं चंदीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी कोळसाखाणीच्या मातीतला एक बॅसिलस पुढे आणला होता. तो तर उघड्या हवेतच हे काम करतो. मातीत विष जिथे जिथे आहे, तिथे ते पचवणारा कुणीतरी आधीच वस्तीला आलेला असतो, असा अनुभव वारंवार येत गेला.

उपयोगांची यादी लांबवता येईल, पण त्यातलं बरंच अजून प्रयोगशाळेच्या उंबरठ्यावर आहे. जनावरांच्या खाद्यात आणि पिकांना पुरवण्यासाठी नॅनोसेलेनियम हे सेलेनाइटपेक्षा सौम्य म्हणून अजमावलं जातं. जंतुनाशक लेप, औषधं यांवर काम चालू आहे. ठोस आणि मला आवडलेलं उदाहरण पाऱ्याचं. ब्राउन विद्यापीठात रॉबर्ट हर्ट यांच्या गटाने २००८ साली दाखवलं, की सीएफएल दिवा फुटल्यावर निघणारी पाऱ्याची वाफ नॅनोसेलेनियम झपाट्याने पकडून ठेवतं. ते कण जंतूंचे नव्हते, रसायनांनी केलेले होते. पण एका विषाने दुसऱ्याला मिठी मारून दोघांनी गप्प बसावं, हे पाहण्यासारखं आहे. आणि प्रत्यक्ष व्यवहारात म्हणाल तर अमेरिकेतल्या काही कोळशाच्या वीजकेंद्रांत राखेच्या आणि धुराच्या सांडपाण्यातलं सेलेनियम असेच जंतू काढतात. त्यांना खायला काय घालतात, तर मळी. साखर कारखान्याचीच.

शेवटी केस्टरसनला परत जायला हवं, कारण तिथली सर्वांत चमत्कारिक गोष्ट मागाहून कळली. तळ्यांखालचं भूजल तपासलं तेव्हा त्यात अपेक्षेपेक्षा फारच कमी सेलेनियम निघालं. वरून वर्षानुवर्षं विषारी पाणी मुरत असताना ते खाली गेलंच नव्हतं. तळाच्या चिखलाच्या वरच्या वीतभर थरात ते अडकून पडलेलं होतं, त्यातलं बरंचसं मूळ रूपात. पिल्लं मरत होती त्या सगळ्या काळात त्याच पाण्याखाली जंतू आपलं काम करत होते. पक्ष्यांना ते वाचवू शकले नाहीत, कारण शेवाळ आणि किडे चिखलाच्या वर, विषारी पाण्यात होते, आणि पक्षी खात होते ते शेवाळ आणि किडे.

मग माणसांनी तळी आटवली. चिखल सुकला, भेगाळला, हवा आत शिरली. लाल सेलेनियमचं हळूहळू पुन्हा विरघळणारं सेलेनाइट आणि सेलेनेट होऊ लागलं. पावसाळ्यात, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, भूजल वर आलं आणि सखल भागांत डबकी साचली. त्या डबक्यांवर पक्षी पुन्हा उतरू लागले. १९८८ साली ट्रकांनी माती आणून ते सखल भाग भरून टाकले. लाल कण अजून त्या भरावाखाली आहेत.